रिकामी मिनिटं: फुटबॉल क्लब उन्हाळ्यात संघ कसा उभा करतो

मे महिन्यात आपल्याकडची मैदानं दिवसभर ओस असतात. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या पुढे सरकतो आणि सकाळी साडेसातलाच पोट्टे चेंडू घेऊन घरी जातात. व्यावसायिक क्लबचं वर्षातलं सगळ्यात निर्णायक काम मात्र याच दिवसांत चालतं. पुढच्या हंगामात कोण खेळणार, कोण जाणार, कोणाला किती वर्षांचा करार द्यायचा, हे सगळं एप्रिल ते ऑगस्टमध्ये पक्कं होतं. ते नीट ठरलं नाही तर ऑक्टोबरमध्ये प्रशिक्षक बदलून फारसं काही साधत नाही.

व्हॉट्सअॅपवर आपण बातमी वाचतो ती नावाची. अमक्याला घेतलं, तमका गेला. क्लबमध्ये हुशार माणसं बसली असतील तर ती नावापासून सुरुवातच करत नाहीत, मिनिटांपासून करतात. आर्वी, वणी, चिमूर अशा गावांत क्लब चालवणाऱ्यांनी हा हिशोब समजून घेणं फार गरजेचं आहे, कारण आपल्या मुलाला जागा मिळालीच तर ती या हिशोबात उरलेल्या रिकाम्या मिनिटांतच मिळणार आहे.

हिशोब असा. इंडियन सुपर लीगच्या २०२४-२५ च्या हंगामात १३ संघ होते आणि साखळीत प्रत्येकाचे २४ सामने. एका सामन्यात ११ जण ९० मिनिटं, म्हणजे ९९० मिनिटं. २४ सामन्यांची झाली २३,७६०. एवढी मिनिटं कोणीतरी खेळायलाच हवीत. आता ज्यांचा करार शिल्लक आहे आणि ज्यांना ठेवायचंच आहे, त्यांनी मागच्या हंगामात मिळून समजा १४,८५० मिनिटं खेळली. उरली ८,९१०. नियमित खेळणारा खेळाडूसुद्धा दुखापत, कार्ड आणि विश्रांती धरून साधारण तीन-चतुर्थांश वेळच मैदानावर असतो. म्हणजे २,१६० पैकी १,६२०. भागाकार केला की साडेपाच येतात. तर या क्लबला पाच-सहा पक्के खेळाडू हवेत, दहा-बारा नाही. ज्या क्लबने दहा आणले त्याने चार जणांचा पगार बाकावर बसवला आणि ड्रेसिंग रूममध्ये चार नाराज माणसं गोळा केली.

हाच आकडा मग जागेनुसार फोडायचा. क्लबच्या खोलीत एक पांढरा फळा असतो. त्यावर अकरा चौकोन, प्रत्येक चौकोनात दोन-तीन नावं, नावापुढे वय, कराराची शेवटची तारीख आणि मागच्या हंगामातली मिनिटं. लेफ्ट बॅकच्या (डाव्या कडेच्या बचावपटूच्या) चौकोनात एकच नाव आणि तेही ३२ वर्षांचं असेल, तर तिथे लाल खूण. उजव्या विंगवर चार नावं असतील तर तिथे पाचवं, कितीही मोठं असलं तरी, येता कामा नये. प्रत्येक जागेला दोन आणि तीन गोलकीपर, असे २३ होतात. वर तीन-चार तरुण पोरं. मला यापेक्षा मोठा संघ आवडत नाही. सरावात ११ विरुद्ध ११ खेळताना सहा जण रेषेबाहेर उभे राहिले की त्या सहांची तयारी आठवड्यागणिक घसरते, आणि नेमकं डिसेंबरमध्ये त्यांच्यातल्याच कोणाला तरी उतरवावं लागतं.

मिनिटं मोजताना एक चूक हमखास होते. ३३ वर्षांच्या मिडफिल्डरने मागच्या वर्षी १,९०० मिनिटं दिली म्हणून पुढच्या वर्षीही तेवढीच धरतात. या वयात ती कमीच धरायची, आणि उरलेली कोणाच्या वाट्याची हे आताच लिहून ठेवायचं. उलट २१ वर्षांच्या पोराने शेवटच्या आठ सामन्यांत ५०० मिनिटं काढली असतील, तर त्याच्या जागेवर बाहेरून माणूस आणायच्या आधी दहादा विचार करावा. भारतीय क्लब हा विचार करत नाहीत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. तयार होत आलेलं पोर लोनवर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी दुसऱ्या क्लबकडे जातं, तिथून दुसऱ्या लोनवर, आणि २४ व्या वर्षी कोणाच्याच फळ्यावर नसतं.

आता परदेशी खेळाडू. २०२१-२२ पासून आयएसएलमध्ये नियम असा झाला की मैदानावर एका वेळी जास्तीत जास्त चार परदेशी, म्हणजे किमान सात भारतीय. संघात परदेशी जास्तीत जास्त सहा, आणि तेव्हा त्यांतला एक आशियाई महासंघातल्या देशाचा असावाच लागे. ऑस्ट्रेलिया २००६ पासून आशियाई महासंघात आहे, म्हणून ही जागा भरायला क्लब ऑस्ट्रेलियन खेळाडूंकडे धावत. सगळेच क्लब एकाच छोट्या बाजारात उतरले की भाव चढे. म्हणून जाणते क्लब ही जागा सगळ्यांत आधी भरत.

हे चार परदेशी मैदानावर कुठे खेळतात ते बघा. एक स्ट्रायकर, एक-दोन मधल्या फळीत, एक सेंटर बॅक (मधला बचावपटू). मैदानाचा मधला कणा त्यांच्याकडे. मग भारतीय खेळाडूला मिनिटं उरतात ती कडेला: दोन्ही फुल बॅक (कडेचे बचावपटू), दोन्ही विंगर, आणि गोलकीपर. मधल्या फळीत एखादा, सेंटर बॅकला एखादा. आपल्या गावात मात्र संघातला सगळ्यांत चपळ आणि ताकदवान मुलगा म्हटला की त्याला स्ट्रायकर करायचं. तालुक्याच्या स्पर्धेत तो ढीगभर गोल करतो, आणि पुढे जाऊन उभा राहतो नेमका त्या चौकोनात जिथे क्लबने सगळ्यांत महागडा परदेशी घेतलेला असतो. डावखुरा मुलगा असेल तर त्याला चौदाव्या वर्षापासून लेफ्ट बॅक किंवा लेफ्ट विंगला खेळवा, असं मी प्रत्येक गावच्या प्रशिक्षकाला सांगेन. उजव्या पायाचा खेळाडू डाव्या कडेला खेळवला की तो दर वेळी चेंडू आत घेतो, क्रॉसला (कडेवरून गोलसमोर चेंडू टाकायला) उशीर होतो आणि समोरचा बचाव जागेवर येतो. आणि चांगले डावखुरे फुल बॅक भारतात कायम कमीच असतात.

२०२१-२२ च्याच हंगामापासून क्लबला किमान चार विकासगटातले तरुण खेळाडू नोंदवावे लागले, त्यांतले दोन सामन्याच्या यादीत. संघाची कमाल मर्यादा ३५ आणि त्यात किमान तीन गोलकीपर. म्हणजे तरुण मुलाला आणि तिसऱ्या गोलकीपरला नियमानेच खुर्ची आहे. तिसरा गोलकीपर हंगामात बहुधा एकही सामना खेळत नाही, पण रोज सराव करतो आणि पहिल्या फळीच्या स्ट्रायकरांचे फटके झेलतो. १९ वर्षांच्या मुलासाठी यापेक्षा चांगली शाळा नाही.

करारांच्या तारखा हा दुसरा मोठा विषय. आपल्याकडे सालदाराचं साल पाडव्याला संपतं आणि नवं ठरतं, तसं भारतीय फुटबॉलमध्ये बहुतेक करार ३१ मे रोजी संपतात. पण बोलणी मेमध्ये सुरू होत नाहीत. फिफाचा नियम सांगतो की कराराचे शेवटचे सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करू शकतो. फक्त त्याच्याशी बोलायच्या आधी नव्या क्लबने सध्याच्या क्लबला लेखी कळवायचं. म्हणजे ३१ मेला सुटणारा खेळाडू १ डिसेंबरपासून मोकळा. जूनमध्ये फोटोसकट जी बातमी येते तिचा कागद पुष्कळदा जानेवारीतच झालेला असतो. जो क्लब मेमध्ये यादी घेऊन बाजारात उतरतो त्याला उरलेलेच मिळतात.

म्हणून संघबांधणीत एक साधा नियम पाळावा: एकाच वर्षी एक-तृतीयांशाहून जास्त करार संपू देऊ नयेत. २७ जणांचा संघ असेल तर या मेमध्ये नऊ, पुढच्या मेमध्ये नऊ, त्याच्या पुढच्या मेमध्ये नऊ. पंधरा करार एकदम संपले की सगळ्यांचे एजंट एकाच महिन्यात दाराशी येतात आणि प्रत्येकाला ठाऊक असतं की क्लबला नाही म्हणायची सोय नाही. करार जास्तीत जास्त पाच वर्षांचा करता येतो. १८ वर्षांखालच्या मुलाचा मात्र तीन वर्षांहून जास्त चालत नाही. गावातल्या पालकांनी हे ध्यानात ठेवावं. सोळा वर्षांच्या पोरासमोर पाच वर्षांचा कागद ठेवणारा माणूस एकतर नियम जाणत नाही किंवा जाणूनबुजून फसवतो आहे.

लोनचं प्रकरण अधिक नाजूक आहे. जुलै २०२२ पासून फिफाने लोनची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष केली आणि लोनवर आलेल्या खेळाडूला पुढे आणखी कोणाला लोनवर द्यायला बंदी घातली. कागद ढिला राहिला की काय होतं, ते अन्वर अलीच्या प्रकरणात सगळ्यांनी पाहिलं. दिल्ली एफसीकडून तो लांब मुदतीच्या लोनवर मोहन बागानकडे होता. २०२४ मध्ये तो संबंध तोडून ईस्ट बंगालकडे गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या समितीने त्याच्यावर चार महिन्यांची बंदी, दिल्ली एफसी आणि ईस्ट बंगालवर दोन खिडक्यांसाठी (खेळाडू नोंदवायच्या ठरलेल्या काळांसाठी) नोंदणीबंदी आणि १२.९० कोटी रुपयांची भरपाई असा निकाल दिला. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि महासंघाने तो आदेश मागे घेऊन नव्याने सुनावणी करायची तयारी दाखवली. राष्ट्रीय संघातल्या बचावपटूचा अख्खा हंगाम या टांगत्या तलवारीखाली गेला. लोनच्या कागदावर तीन गोष्टी ठसठशीत हव्यात: परत यायची तारीख, पगार कोण किती देणार, आणि मूळ क्लबशी उरलेला करार लोनच्या मुदतीहून मोठा आहे की नाही.

पैशाबद्दल थोडक्यात, पण एक जागा नीट बघण्यासारखी आहे. परदेशी खेळाडू बोलतो तो हातात पडणाऱ्या रकमेबद्दल. त्याने ७० लाख सांगितले आणि ढोबळ ३० टक्के कर धरला, तर क्लबला खर्च पडतो एक कोटी. ७० लाखांवर ३० टक्के म्हणजे २१ लाख, एकूण ९१ लाख, असं चुकीचं गणित करणारे कमी नाहीत. ७० ला ०.७ ने भागायचं असतं. त्यावर फ्लॅट, कुटुंबाची विमानाची तिकिटं, साइनिंगची रक्कम, गोलमागे बोनस, एजंटचा वाटा. लीगमध्ये पगारावर कमाल मर्यादा असेल तर या नऊ लाखांच्या चुकीपायी ऑगस्टमध्ये भारतीय लेफ्ट बॅक घ्यायला पैसेच उरत नाहीत.

जुनी देणी हे आणखी एक दुखणं. मागच्या वर्षीच्या खेळाडूचा पगार थकला, तो फिफाकडे गेला, निकाल त्याच्या बाजूने लागला आणि क्लबने मुदतीत पैसे भरले नाहीत, की क्लबवर नवीन खेळाडू नोंदवायची बंदी येते. करार झालेला असतो, पोरगा सराव करत असतो, पण नोंदणीच होत नाही. दोन महिन्यांचा पगार थकला तर खेळाडू लेखी नोटीस देऊन क्लबला किमान १५ दिवसांची मुदत देतो आणि तरीही पैसे आले नाहीत तर करार मोडून मोकळा होऊ शकतो. २०२५ च्या जुलैत हे सगळं एकदम अंगावर आलं. लीग चालवणाऱ्या कंपनीचा महासंघाशी २०१० मध्ये झालेला करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत होता, पुढचं काही ठरलेलं नव्हतं, म्हणून हंगामच स्थगित ठेवला गेला. काही क्लबांनी पगार थांबवले. ज्या क्लबांनी तोवर घाईने करार केले होते आणि ज्यांनी वाट पाहिली होती, दोघेही अडकले. असा काळ येऊ शकतो म्हणून हंगाम लांबला किंवा छोटा झाला तर पगाराचं काय, हे कलम करारात आता असलंच पाहिजे, आणि खेळाडूने ते सहीआधी वाचलंच पाहिजे.

मेडिकलबद्दल लोकांचा समज असा की करार झाला, मेडिकलमध्ये नापास झाला तर रद्द. तसं करता येत नाही. कराराची वैधता मेडिकलवर अवलंबून ठेवता येणार नाही, असं फिफाचा नियम स्पष्ट सांगतो. म्हणून तपासणी सहीच्या आधी. आधी हृदय: ईसीजी आणि इको. मग गुडघे. डॉक्टर पाय वाकवून नडगी पुढे ओढून बघतो; ती दुसऱ्या पायापेक्षा जास्त सरकली तर आतल्या लिगामेंटवर संशय, आणि मग एमआरआय. हॅमस्ट्रिंगची (मांडीमागच्या स्नायूंची) ताकद दोन्ही पायांत मोजतात. दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर जुनी दुखापत पुरती भरलेली नाही असं समजावं. गुडघ्याचं लिगामेंट फाटून शस्त्रक्रिया झालेल्या खेळाडूला नऊ महिन्यांआधी मैदानात आणलं तर पुन्हा फाटायचा धोका फार वाढतो. मार्चमध्ये शस्त्रक्रिया झालेला खेळाडू डिसेंबरपर्यंत फळ्यावर शून्य मिनिटांचा धरायचा, मग त्याचा एजंट काहीही सांगो.

खिडकी गेल्या काही वर्षांत जूनमध्ये उघडून ऑगस्टअखेरीस बंद होत आली आहे. परदेशातून येणाऱ्याला आंतरराष्ट्रीय बदली प्रमाणपत्र लागतं, ते फिफाच्या ऑनलाइन प्रणालीतून येतं, आणि व्हिसा वेगळा. शेवटच्या आठवड्यात घेतलेला स्ट्रायकर मैदानावर यायला सप्टेंबर उजाडतो. त्याची आधीची लीग मेमध्ये संपलेली, तीन महिने तो एकटा जिममध्ये. संघाने सहा ते आठ आठवडे तयारी केलेली असते: आधी लहान जागेतले खेळ, मग वेगाने धावायचं प्रमाण आठवड्या-आठवड्याने वाढवत नेणं, सराव सामन्यांत ४५ मिनिटं, मग ६०, मग ७५, मग पूर्ण ९०. नव्या माणसाला हे काहीच मिळालेलं नसतं, पण त्याच्यावर पैसे घातलेत म्हणून पहिल्याच सामन्यात उतरवतात आणि तिसऱ्या सामन्यात हॅमस्ट्रिंग जाते. याला नशीब म्हणू नये. ऑगस्टच्या शेवटी आलेल्याचे पहिले चार सामने फळ्यावर निम्म्याच मिनिटांचे धरले की पुढचा घोळ टळतो.

आता आपल्या मुलांकडे येऊ. ट्रायलला काय बघतात? चेंडू पायाशी आल्यावर काय केलं हे सगळेच बघतात. जाणता स्काउट (खेळाडू हेरणारा) चेंडू यायच्या आधीचे दोन सेकंद बघतो. लेफ्ट बॅकला खेळणारा मुलगा पास यायच्या आधी खांद्यावरून मागे बघतो का? शरीर आधीच अर्धं वळवून उभा राहतो का, म्हणजे पहिल्याच स्पर्शात पुढे निघता येईल? डाव्या पायाच्या आतल्या बाजूने घेतला की तळव्याखाली दाबून थांबवला? दाबून थांबवणारा मुलगा रोज दाबूनच थांबवत आला आहे. हे घरी सुधारता येतं. शाळेच्या भिंतीवर आठ-दहा मीटरवरून डाव्या पायाने रोज २०० पास: शंभर एका स्पर्शात, शंभर दोन स्पर्शांत, आणि प्रत्येक पासच्या मधे एकदा खांद्यावरून मागे नजर. साथीदाराने मागे बोटं दाखवावीत आणि मुलाने किती ते ओरडून सांगावं.

धावण्याबाबत आपल्याकडे पोलीस भरतीची सवय खोल रुजली आहे. पहाटे डांबरी रस्त्यावर पाच किलोमीटर. फुटबॉलला त्याचा उपयोग थोडा आणि नडगीचं दुखणं जास्त. त्याऐवजी मऊ जमिनीवर ३० मीटरचे सहा वेगवान धाव, दोन धावांमध्ये २०-२५ सेकंद, असे दोन फेरे, मधे चार मिनिटं विश्रांती. आठवड्यातून दोनदाच, लागोपाठच्या दिवशी नाही. मऊ जमीन हीच आपली अडचण, हे खरं. काळ्या मातीला मे महिन्यात पाऊल अडकेल एवढ्या भेगा पडतात आणि जुलैत तीच माती बुटाला किलोभर चिकटते. भेगाळलेल्या वावरात धावून घोटा मुरगळला की ट्रायल गेली. म्हणून उन्हाळ्यात मुरमाड मैदान, आणि त्यावरचे सुटे खडे आधी झाडून काढलेले. गोलकीपरसाठी मुरूम मात्र वाईट. दोन-चार डाइव्हमध्ये कंबर आणि कोपर सोलून निघतात आणि मग मुलगा नकळत पडायचं टाळतो. गोलसमोर दहा बाय पाच मीटरचा तुकडा १५ सेंटीमीटर खोदून त्यात नदीची वाळू आणि माती मिसळून भरा. गावात ट्रॅक्टरचा मालक ओळखीचा असतोच.

कुठे पाठवायचं? शाळेची सुब्रतो कप स्पर्धा हा तालुक्यातून बाहेर पडायचा सर्वांत सरळ रस्ता आहे. त्यानंतर नागपूरच्या जिल्हा लीगमधला एखादा क्लब. कामठी-नागपूरचं फुटबॉल जुनं आहे आणि तिथे सामने मिळतात, जे गावात मिळत नाहीत. जमशेदपूरची टाटा फुटबॉल अकादमी १९८७ पासून चालू आहे आणि टाटानगर आपल्या नागपूर-गोंदिया-हावडा रेल्वेमार्गावरच आहे. पैसे घेऊन ‘आयएसएल ट्रायल’ करणाऱ्यांपासून मात्र लांब राहा. पहिल्या संघाचा खेळाडू खुल्या ट्रायलमधून जवळपास कधीच घेतला जात नाही. वर सांगितलेला फळा डिसेंबरमध्येच भरायला लागलेला असतो. एजंट म्हणून कोणी आला तर त्याचं नाव फिफाच्या परवानाधारक यादीत आहे का ते फिफाच्या वेबसाइटवर बघा. एजंटशी करार दोन वर्षांहून जास्त मुदतीचा करता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकांची लेखी संमती लागते.

सगळ्यांत जास्त मुलं आपल्याकडे कागदावर अडतात. जन्मदाखला, आधार आणि शाळेची टीसी, तिन्हीवर नाव आणि तारीख एकच पाहिजे. गुरुजींनी दाखल करताना टाकलेली १ जून ही तारीख अजूनही काही टीसींवर सापडते आणि ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर वेगळीच असते. वयोगटातल्या स्पर्धेत मनगटाचा एक्स-रे काढून हाडावरून वय तपासतात. कागदावर वय लपवलेला मुलगा तिथे पकडला जातो आणि संघही बाद होतो. तारीख दुरुस्त करायची ती बाराव्या वर्षीच करा. सतराव्या वर्षी केलेल्या दुरुस्तीवर कोणी विश्वास ठेवत नाही.

आणि मुलाची नोंदणी. महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत मुलगा बाराव्या वर्षापासून कोणत्या संलग्न क्लबच्या नावावर होता, यावरून त्याचा खेळाडू-पासपोर्ट बनतो. पुढे करार चालू असताना त्याच्या क्लबने पैसे घेऊन त्याला परदेशी क्लबकडे सोडलं, तर त्या रकमेतले पाच टक्के त्याला घडवणाऱ्या क्लबांना मिळतात. १२ ते १५ या वर्षांतल्या प्रत्येक हंगामाला एकूण रकमेच्या ०.२५ टक्के, १६ ते २३ मधल्या प्रत्येक हंगामाला ०.५ टक्के. समजा बदली एक कोटीला झाली आणि मुलगा बारा ते सतरा तुमच्या गावच्या क्लबमध्ये होता. चार हंगामांचे २५,००० प्रमाणे एक लाख, पुढच्या दोन हंगामांचे ५०,००० प्रमाणे एक लाख. दोन लाखांत गावाचं मैदान सपाट होतं, जाळ्या लागतात आणि दोन हंगामांचे चेंडू येतात. देशातल्या देशात बदली असेल तर महासंघाचे स्वतःचे नियम लागतात. तिथेही विचारतात ते हेच, की त्या हंगामात नोंद कोणाच्या नावावर होती. तुमचा क्लब जिल्हा संघटनेशी संलग्न नसेल आणि मुलगा फक्त शाळेकडून खेळला असेल, तर त्या सहा वर्षांचे रकाने कोरे राहतात आणि तो पैसा तुमच्याकडे येत नाही. संलग्नतेचे कागद पावसाळ्याआधी जिल्हा संघटनेकडे द्या. महाराष्ट्रात त्यांच्या वर वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन आहे.

एका हंगामात खेळाडूची नोंदणी जास्तीत जास्त तीन क्लबांकडे होते आणि अधिकृत सामने त्यांतल्या दोघांकडूनच खेळता येतात. जूनमध्ये एखाद्या स्पर्धेपुरतं मुलाचं नाव इकडेतिकडे नोंदवू नका. ऑगस्टमध्ये खरी संधी आली की तीच नोंद आडवी येते.

शेवटी व्हिडिओ. गाणं लावलेली दोन मिनिटांची गोलांची क्लिप कोणी बघत नाही. दोन पूर्ण सामने द्या. फोन आडवा, उंचावरून. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभं राहून घेतलेलाही चालतो. मैदानाची निम्मी रुंदी कायम चौकटीत राहू द्या, चेंडूमागे झूम करू नका, जर्सीचा नंबर दिसला पाहिजे. सुरुवातीला मुलाचं नाव, जन्मवर्ष, उंची, कोणता पाय आणि कोणती जागा, एवढंच लिहा. दोनपैकी एक सामना हरलेला असू द्या. संघ मागे पडल्यावर सत्तराव्या मिनिटाला लेफ्ट बॅक परत धावतो की चालतो, हे त्यातच दिसतं.